सोडलेले मासे मोजता, उरलेले कधी मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की कुठल्या ना कुठल्या तळ्यात मत्स्यबीज सोडल्याचा फोटो छापून येतो. काठावर चार-पाच माणसे, हातात फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि खाली आकडा: इतके हजार, इतके लाख. त्या लाखांचे पुढे काय झाले, ही बातमी मात्र माझ्या वाचनात अजून आलेली नाही.

मी सूस रस्त्याला राहतो. शाळेत असल्यापासून पाषाण तलावावर गळ टाकत आलो. आता गुडघे धरतात, म्हणून सकाळी नुसता फिरायला जातो. गेल्या रविवारी बांधाच्या कडेला तीन पोरे बसली होती. तंगूस, मोरपिसाच्या देठाची काडी, कणकेच्या गोळ्या, सगळा सरंजाम आमच्या वेळचाच. पिशवीत डोकावून पाहिले. तळहाताएवढ्या अठरा-वीस चिलापी (तिलापिया) आणि तळाशी वळवळणारा एक मांगूर. ‘‘काका, दुसरं काय लागतच नाय,’’ एक जण म्हणाला. रोहू लागतो का विचारले, तर हसला. रोहू त्याने मासळी बाजारातच पाहिलेला.

तळ्याची तब्येत कशी आहे, हे सांगायला मला ती पिशवी पुरेशी वाटली.

चिलापी आपली नव्हे. मूळची आफ्रिकेतली, आपल्या देशात आणली ती १९५२ मध्ये. हिची मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्ले जरा मोठी होईपर्यंत त्यांनाही तोंडातच आसरा देते. दोन-तीन महिन्यांत पिल्लेच आईबाप होतात आणि वर्षातून अनेकदा वीण होते. पाणी घाण असो, प्राणवायू कमी असो, तिचे फारसे अडत नाही. गर्दी झाली की मात्र सगळी खुरटतात. म्हणून गळाला सारखे काहीतरी लागते आणि तरीही कालवणाला धड एक मासा मिळत नाही. ‘तळ्यात खूप मासे आहेत’ असे फिरायला येणारे कौतुकाने म्हणतात तेव्हा मला काय बोलावे सुचत नाही.

रोहू, कटला, मृगळ यांचे गणित उलटे आहे. हे मुळात गंगेकडचे नदीतले मासे. पुराचे वाहते पाणी मिळाल्याशिवाय ते अंडी घालत नाहीत, साठलेल्या तळ्यात तर नाहीच. १९५७ मध्ये ओडिशात अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांची वीण करून दाखवली, म्हणून आज देशभर बीज मिळते. तो दिवस, १० जुलै, आपण मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो. म्हणजे तळ्यात रोहू दिसला तर तो कुणीतरी सोडलेला असतो, आणि जगला-वाढला तरी तिथे त्याचा वंश चालत नाही. पुन्हा सोडावाच लागतो. सोडण्याला माझा विरोध नाही. काय सोडता, किती मोठे सोडता आणि कशात सोडता, एवढेच विचारतो.

या धंद्यातली माणसे तीन शब्द वापरतात: मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली. जिरे म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली, खरोखर जिऱ्याएवढी पिल्ले. मत्स्यबीज त्याहून जरा मोठे, आणि बोटुकली बोटाएवढी. जिरे स्वस्त असते आणि एका पिशवीत हजारोंनी मावते, त्यामुळे फोटोखालचा आकडा भरघोस होतो. पण चिलापी आणि मांगूर यांनी भरलेल्या पाण्यात जिरे सोडणे म्हणजे त्यांना जेवण वाढणे. चांगली मोठी बोटुकली सोडली तर त्यातली काही तरी वाचतील.

मांगुराबद्दल थोडे. पोरांच्या पिशवीतला आफ्रिकी मांगूर होता. देशी मांगूर मी या बाजूला कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. आफ्रिकी मांगूर पाळण्यावर २००० पासून बंदी आहे. तरी तो तळ्यात येतो, कारण कुणाच्या तरी टाकीतून सुटतो किंवा सोडला जातो. तो वरची हवा घेऊन जगतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो आणि तोंडात मावेल ते खातो. घरच्या काचेच्या पेटीतला, काच चाटणारा तो काळा खरबरीत मासा मोठा झाला की ‘पुण्य लागेल’ म्हणून तळ्यात सोडणारे सज्जनही मी पाहिले आहेत. असले पुण्य कृपया घरीच ठेवावे.

आणि पाणी. रामनदी खाटपेवाडीच्या डोंगरातून निघते. भूगाव, बावधन करत पाषाणला येते. वाटेत किती इमारती झाल्या हे मी सांगायला नको. सांडपाण्याने पाणी सकस होते, म्हणजे शेवाळाला आणि जलपर्णीला सकस. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्रभर तोच ओढून घेते. त्यात तळाशी कुजणारा गाळ. त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. लिटरमागे पाच मिलिग्रॅम असला तर रोहू-कटला सुखात राहतात, तिनाच्या खाली गेला की पृष्ठभागावर येऊन तोंडे वासतात. मळभ असलेल्या दिवसांत, किंवा उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या जोरदार सरीने गाळ ढवळला की एका रात्रीत मासे उलटे तरंगतात. मग पाण्याची तपासणी दुपारी बारा वाजता का होते? नमुना पहाटे पाच-साडेपाचला घ्या. मी तेव्हा तिथेच असतो.

मला सगळ्यांत जास्त चुटपुट लागते ती रोहूची नाही, आपल्या इथल्या माशांची. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ मध्ये छापली आणि नावे देताना इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचेच शब्द उचलले. म्हणून जगभरच्या प्राणिशास्त्रात मळ्या ‘गारा मुल्या’ आहे, शिंगटा ‘मिस्टस सींगटी’ आहे, कोळस ‘हिप्सेलोबार्बस कोलस’ आहे. महसीर जातीच्या माशांतला ‘टॉर खुद्री’ त्याने पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतल्या माशावरून वर्णिला. मळ्या हनुवटीखालच्या चकतीने दगडाला चिकटून वाहत्या पाण्यात राहतो. लहानपणी पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला आम्ही ओढ्यात उतरायचो तेव्हा तो टोपलीत हमखास यायचा. त्याला दगड लागतात, वाळू लागते आणि वर चढायला वाट लागते. ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीट आणि खाली पाइप घातले की त्याची वाट संपली.

तेव्हा खुद्रीचे बीज आणून सोडा, असे कुणी म्हणेल. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची वीण गेली कित्येक दशके होते आहे, आणि त्या कामाला तोड नाही. पण तिथलेच उदाहरण पुरेसे आहे: आपला खुद्री कावेरीत सोडला गेला आणि तिथला कुबडवाला महसीर मागे पडला. नामशेष होण्याच्या काठावर आलेल्या त्या माशाच्या संकटात खुद्रीचाही हात मानतात. चांगला मासासुद्धा चुकीच्या पाण्यात गेला की घोटाळा करतो. शिवाय महसीर हा वाहत्या, स्वच्छ पाण्यातला. पाषाणच्या तळ्यात त्याला सोडणे हा त्याच्यावरच अन्याय.

म्हणून मागणी साधी आहे. तळ्याचे काम ज्यांच्याकडे असेल त्यांनी पुढची पिशवी उघडण्याआधी एकदा जाळे ओढावे. वर्षातून तीनदा, उन्हाळ्याच्या शेवटी, पावसानंतर आणि थंडीत, एकाच जागी, एकाच आसाचे, म्हणजे छिद्रांच्या मापाचे जाळे. किती चिलापी, किती मांगूर, किती खवल्यासारखे इथले लहान मासे, किती रोहू, वजन काय, हे वहीत लिहावे आणि आपल्यासारख्या वृत्तपत्राने छापावे. सापडलेल्या चिलापी परत पाण्यात टाकू नयेत. गाळ काढताना रामनदी जिथे तळ्यात शिरते तिथला पाणकणसाचा पट्टा मात्र सोडावा; लहान मासे तिथेच लपतात आणि पाणीही थोडेफार गाळले जाते. सुशोभीकरणात तो पट्टा ‘कचरा’ ठरतो, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिले आहे.

आणखी एक. पोरांनी निघताना मला विचारले, ‘‘काका, हे खाल्लं तर चालंल ना?’’ त्या माशांत काय साठले आहे हे तपासून कुणी काठावर पाटी लावलेली नाही. शहाण्यासारखे ‘नको’ म्हणालो. त्यातल्या एकाच्या घरी त्या दिवशी तेच कालवण होणार होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. ही तपासणी तरी तातडीने व्हावी.

मोजणीच्या दिवशी माणूस कमी पडला तर अवश्य निरोप द्यावा. जाळे ओढायला गुडघे साथ देणार नाहीत, पण वही धरून आकडे लिहायला मी बसेन.

आपला,
एक जुना गळवाला,
सूस रस्ता, पाषाण, पुणे