इकॉनॉमायझरच्या नळ्यांना पडलेली छिद्रे आणि आपली तांत्रिक सेवा यांबाबत तक्रार

प्रति,
मा. सरव्यवस्थापक, तांत्रिक सेवा,
बॉयलर जलप्रक्रिया रसायने विभाग

महोदय,

काल संध्याकाळी आपल्या हेल्पलाइनवरील प्रतिनिधीने आमच्या फोनची नोंद ‘तक्रार निकाली’ अशी केली, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. तक्रार निकाली निघालेली नाही. निकालात निघाल्या आहेत त्या आमच्या ४५ किलो दाबाच्या बॉयलरच्या इकॉनॉमायझरमधील, म्हणजे बॉयलरकडे जाणारे पाणी धुराच्या उष्णतेने तापवणाऱ्या भागातील, नळ्या.

ऐन जानेवारीत, साखरेचा उतारा चांगला लागत असताना, पाणी आत येते त्या इनलेट हेडरजवळच्या पहिल्या ओळीतील नळ्या गळू लागल्या आणि गाळप बंद ठेवावे लागले. वाहनतळावर उसाच्या गाड्या अडकल्या, तोडणी टोळ्या बसून राहिल्या आणि सभासदांचे फोन सुरू झाले. कापून काढलेली नळी आम्ही उभी चिरली, तेव्हा आतून तांबूस गाठी दिसल्या. त्यांतील एक गाठ पेचकसाच्या टोकाने उचलली, तर खाली काळी ओलसर भुकटी निघाली आणि ती पुसल्यावर मसुराएवढा, तीव्र कडांचा खड्डा दिसला. खड्ड्याभोवतीची नळी मात्र जाडीने जवळपास नव्यासारखी आहे. हे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे काम आहे, हे आपणास सांगण्याची गरज नसावी, कारण आपल्याच माहितीपुस्तिकेत अशाच नळीचे रंगीत छायाचित्र छापलेले आहे. त्याखालचा मजकूर आपल्या हेल्पलाइनवरील मंडळींनी वाचावा, एवढी व्यवस्था आपण करू शकाल असे वाटते.

आता कारणाबद्दल. हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण पुरवलेल्या, रसायन मिसळण्याच्या नव्या डोसिंग टाकीला ढवळणारा स्टररच नव्हता. त्यावर आपल्या सेवा अभियंत्याने लेखी सूचना दिली की, सल्फाइटचे द्रावण कॉम्प्रेस्ड एअरची नळी सोडून ढवळावे. प्राणवायू शोषून घेण्यासाठी जे रसायन आम्ही विकत घेतो, त्यातच हवा फुंकायची, आणि तेही कोबाल्टचा उत्प्रेरक घातलेल्या, म्हणजे प्राणवायूशी चटकन संयोग व्हावा म्हणूनच तयार केलेल्या रसायनात. आमच्या चीफ केमिस्टांनी तेव्हाच लेखी हरकत घेतली होती. ‘पद्धत बदलल्यास कराराची हमी लागू राहणार नाही’ असे एका ओळीचे उत्तर आपल्याकडून आले. एक मिलिग्रॅम प्राणवायूला सुमारे आठ मिलिग्रॅम शुद्ध सोडियम सल्फाइट लागते. आपले सल्फाइट मात्र आपला सगळा पराक्रम टाकीतच गाजवून, सल्फेट होऊन बॉयलरकडे निघत होते. म्हणजे आम्ही सल्फाइटच्या भावाने सल्फेट विकत घेतले, त्याने वाढलेले क्षार घालवण्यासाठी ब्लोडाउन, म्हणजे बॉयलरमधून बाहेर सोडले जाणारे पाणी, वाढवला आणि त्या गरम पाण्याबरोबर बगॅसही, म्हणजे इंधन म्हणून जाळतो ते उसाचे चिपाडही, वाया घालवला.

डिएरेटरकडे, म्हणजे पाणी तापवून त्यातला प्राणवायू काढणाऱ्या यंत्राकडे, बोट दाखवले जाईल, याची कल्पना आहे. तो १०५ अंशांवर चालतो आणि त्याच्या व्हेंटमधून वाफ सुटताना कोणालाही दिसते. परंतु मिल थांबली की एक्झॉस्ट (टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या) वाफेचा दाब पडतो, डिएरेटरचे तापमान उतरते आणि तेवढ्या वेळात मेकअपच्या, म्हणजे नव्याने भर घातलेल्या, पाण्यातला प्राणवायू पुढे जातो. साध्या तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. अशा वेळेसाठीच तर सल्फाइट असते. डिएरेटर बारा महिने बिनचूक चालला असता, तर आपल्या कंपनीची गरजच काय होती?

कालच्या फोनवरील संभाषण मी मुद्दाम सविस्तर देत आहे. आपल्या प्रतिनिधीने प्रथम बॉयलरच्या पाण्याचा पीएच विचारला. तो १०.८ असल्याचे सांगताच ते म्हणाले, “मग सर, गंज लागूच शकत नाही.” पीएच योग्य असला तरी प्राणवायूमुळे खड्डे पडतात, शिवाय प्रश्न ड्रमचा, म्हणजे बॉयलरच्या मुख्य पिंपाचा, नसून इकॉनॉमायझरचा आहे, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी फोटो मागवला. फोटो पाहून ते उत्साहाने म्हणाले, “सर, आत काळे दिसते आहे, म्हणजे मॅग्नेटाइट आहे. हे चांगले लक्षण आहे, अभिनंदन.” निरोगी नळीवर घट्ट बसलेला मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा, पातळ संरक्षक थर वेगळा आणि आरपार गेलेल्या खड्ड्यातली भुकटी वेगळी, हे मी शक्य तितक्या शांतपणे समजावले. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, “तुमच्या कंडेन्सेटमध्ये साखर येत असणार,” म्हणजे वाफेचे पाणी होऊन बॉयलरकडे परत येते त्यात. मी म्हणालो, “आमच्याकडे प्रत्येक पाळीत साखर ओळखणारी अल्फा-नॅफ्थॉल चाचणी होते, रजिस्टर आहे. साखर आली असती तर ड्रमचा पीएच कोसळला असता, आणि पीएच तर तुम्ही आत्ताच विचारलात.” शेवटचा सल्ला असा मिळाला: “मग सर, डोस दुप्पट करा आणि हवा थोडी जास्त वेळ सोडा, म्हणजे नीट विरघळेल.” आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार. मी काही बोलण्यापूर्वीच सेवेला किती गुण द्याल, असे विचारणारा ध्वनिमुद्रित आवाज सुरू झाला.

आपल्या मासिक सेवा अहवालांबद्दल संयमाने लिहिण्याचा माझा प्रयत्न आहे. करारानुसार बॉयलरच्या पाण्यात सल्फाइट ३० ते ५० पीपीएम (दशलक्षात तितके भाग) राखायचे आहे, आणि आपल्या प्रत्येक अहवालात ते न चुकता ४० पीपीएम आहे. हंगामभर आकडा एका पीपीएमनेही हललेला नाही. डिसेंबरच्या अहवालातही बॉयलरच्या पाण्यात ४० पीपीएम सल्फाइट आहे. त्या तारखेला बॉयलर साफसफाईसाठी थंड व रिकामा होता आणि ड्रमची दारे उघडी होती. नमुना कोठून घेतला, याचा खुलासा मी दोन ई-मेलद्वारे मागितला, तो आजवर आलेला नाही. आपण दिलेल्या सल्फाइट-चाचणीच्या पेटीतील स्टार्चच्या बाटलीत बुरशी धरली होती, त्यामुळे निळा रंग नीट उमटत नव्हता, हेही कळवले होते. आमच्या प्रयोगशाळेने स्वतःचे ताजे स्टार्च आणि कूलरमधून थंड करून घेतलेला नमुना वापरून चाचणी केली, तेव्हा सल्फाइट जवळजवळ शून्य आले. बॉयलर रिकामा असताना ४० आणि भरलेला असताना शून्य, असा हा हिशेब आहे.

आपली कंपनी आमच्याकडे माझ्या आधीच्या चीफ इंजिनिअरांच्या काळापासून आहे. त्या वेळी आपले अभियंते स्वतः ड्रममध्ये उतरत आणि हातात टॉर्च धरून एकेक नळी पाहत. संचालक मंडळापुढे आपल्या दराचे समर्थन मी याच आठवणीवर करत आलो. यापुढे ते करता येणार नाही.

आपले प्रलंबित बिल रोखून धरण्यात आले आहे. नव्या नळ्या, वेल्डिंग, हायड्रॉलिक चाचणी आणि गाळप बंद राहिल्याचे नुकसान यांचा दावा स्वतंत्रपणे पाठवत आहोत. व्यावसायिक खरेदी असल्यामुळे आम्हाला ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही, हे आपल्या विधी विभागाने आपणास सांगितले असेलच; करारातील लवादाचे कलम त्यांनी वाचले आहे का, तेही विचारावे. पुढील हंगामाच्या निविदेसाठी आपल्या नावाची शिफारस माझ्याकडून होणार नाही. जिल्ह्यातील इतर कारखान्यांच्या चीफ इंजिनिअरांनी विचारल्यास, ती कापलेली नळी आणि हवा फुंकण्याची आपली लेखी सूचना मी त्यांच्यापुढे शेजारी-शेजारी ठेवीन.

पंधरा दिवसांच्या आत निर्णय घेण्याचा अधिकार असलेली व्यक्ती कारखान्यावर पाठवावी. नळीचे तुकडे, आमची रजिस्टरे आणि आपले सर्व अहवाल तपासणीसाठी ठेवलेले आहेत. येताना डिसेंबरमध्ये रिकाम्या बॉयलरमधून पाण्याचा नमुना काढणारे आपले अभियंतेही सोबत आणावेत. ही पद्धत शिकून घेण्याची आमच्या केमिस्टांची इच्छा आहे.

आपला,
चीफ इंजिनिअर,
सहकारी साखर कारखाना, जि. सांगली