विषय: 'ध्वनी सुधारित' सीडी मूळ एलपीपेक्षा वाईट वाजते

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या महिन्यात आपला ख्यालगायनाचा दोन सीडींचा 'डिजिटल रीमास्टर' संच मी ५९५ रुपयांना घेतला. यातलं पहिलं ध्वनिमुद्रण आपल्याच कंपनीच्या एलपी तबकडीवर आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून आहे. तक्रार केल्यावर आपण संच बदलून दिलात, त्याबद्दल आभार. पण खोट चकतीत नाहीच. दुसरा संचही अगदी तसाच वाजतो.

एलपीवर आधी नुसते तानपुरे येतात, मग अलगद षड्ज, म्हणजे 'सा', लागतो. तो ऐकायला आम्ही पंखा बंद करतो. सीडीवर तो षड्ज आणि शेवटच्या द्रुत ताना एकाच जोराने कानावर आदळतात. संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिलं, तर लाटांची टोकं शून्य डेसिबलवर, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेवर, सपाट छाटलेली. तबल्याची थाप नेमकी तिथे फुटते. सीडीच्या १६ बिटांत हळूपासून मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, एलपीला तेवढा कधीच मिळाला नाही. एवढी ऐसपैस जागा असताना सगळं गाणं वरच्या टोकाला कोंबायचं कशाला? आवाज वाढवायला माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला बटण आहे.

त्याहून वाईट म्हणजे जवारी, तानपुऱ्याच्या तारांचा तो गुंजता झंकार, गेली. टेपची बारीक खरखर काढायला आपण जी गाळणी लावलीत, तिने तानपुऱ्याचे वरचे नादही गाळून टाकले. दोन्हींचा वावर बराचसा त्याच उंच कंप्रतेत असतो, हे आपल्या तंत्रज्ञांना मी सांगावं असं नाही. आता बुवा श्वास घ्यायला थांबले की तानपुरा पाण्यात बुडतो आणि ते गाऊ लागले की पुन्हा वर येतो. खरखर ऐकत आम्ही चाळीस वर्षं काढली, तिचा त्रास कुणालाच नव्हता.

आणि पट्टी! एलपीवर काळी एक, सीडीवर पांढरी दोन, म्हणजे अर्धा स्वर वर. माझीच तबकडी हळू फिरते की काय म्हणून स्ट्रोब, म्हणजे वेग पाहायचा लुकलुकता दिवा, लावून तपासलं, वेग बरोबर आहे. एलपीची २२ मिनिटांची बाजू सीडीवर २० मिनिटं ४६ सेकंदांत संपते. काही कापलेलं नाही, टेपच जवळजवळ सहा टक्के जोरात पळवली आहे.

फोनवर मला 'ट्रेबल कमी करून बघा' असं सांगण्यात आलं. जे उरलंच नाही ते कमी काय करणार?

मला तिसरा संच नको. पैसे परत करा, आणि मूळ टेप आपल्या संग्रहात शाबूत आहे का, ते लेखी कळवा. असल्यास वेग तेवढा दुरुस्त करून, बाकी काहीही न सुधारता ती सीडीवर आणा. मी त्याच किमतीला पुन्हा विकत घेईन. दोन्ही संच बिलासह कुरिअरने पाठवत आहे.

आपला,
एक जुना ग्राहक, पुणे