डिकीतली स्टेपनी एकदा बाहेर काढून बघा

मा. संपादक,

गणपतीला कोकणात निघायचे म्हणून सर्व्हिसिंग होते, वायपरची रबरे बदलली जातात, चारही चाकांत हवा भरली जाते. पाचवे चाक मात्र डिकीत सामानाखाली दबलेलेच राहते. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल, अशी सवलत जुलै २०२० मध्ये केंद्राने नियमांत दिली. नवी गाडी घेताना म्हणूनच डिकीची फळी उचलून खाली काय आहे ते पाहावे.

शहरापुरते किट ठीक. खिळ्याचे भोक त्यातल्या द्रवाने बुजते, पण ते रस्त्याला टेकणाऱ्या भागावरचे आणि साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचेच. आपल्याकडे पावसाळ्यात टायर जातो तो खड्ड्याच्या धारेवर. धार आणि रिम यांच्यात टायरची बाजू चिमटते, आतले धागे तुटतात, बाजू फाटते किंवा तिला फुगा येतो. तिथे किट निरुपयोगी आहे. घाटातून, आडवळणाच्या रस्त्याने जाणाऱ्याने स्टेपनी बाळगावीच. सीएनजी किट बसवताना जागा नाही म्हणून ती घरी काढून ठेवणाऱ्यांनी तर याचा जरूर विचार करावा.

विकत घेताना रिमचा इंच पाहून फसू नका, टायरची पूर्ण उंची मोजा. १९५/५५ आर १६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिमचा इंच) या टायरची उंची सुमारे ६२१ मिलिमीटर भरते, १८५/६५ आर १५ चीही जवळपास तेवढीच. म्हणून सोळा इंची अलॉयच्या गाडीला पंधरा इंची लोखंडी स्टेपनी चालते. १७५/६५ आर १४ मात्र ५८३ मिलिमीटरच. स्वस्तात मिळाली म्हणून ती पुढे लावली, तर दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात, डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेला) क्षणभर उसंत मिळत नाही आणि ते तापते. शिवाय लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासू शकते. नटांचेही पाहा. काही गाड्यांत अलॉयचे आणि लोखंडी रिमचे नट वेगळे असतात. ते स्टेपनीसोबतच पिशवीत ठेवावेत.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेले रबरही कडक होते. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि नक्षी कितीही नवी दिसली तरी दहा वर्षांपुढे तो टायर वापरू नये. हवा महिन्यातून एकदा तपासावी. अरुंद तात्पुरत्या स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय लागते, त्यामुळे पंपावर "चारहींसारखी भरा" म्हणून चालत नाही. बाजूवरचा आकडा वाचावा. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा पुढचाच टायर गेला, तर मागचे चांगले चाक पुढे आणावे आणि अरुंद स्टेपनी मागे लावावी. मेहनत दुप्पट, पण स्टिअरिंग आणि ब्रेक ठिकाणावर राहतात.

गाडीखाली लटकणाऱ्या स्टेपनीचा त्रास निराळा. चिखल-पाण्याने तिची तार आणि खाली सोडायची यंत्रणा गंजते, आणि ऐन वेळी दांडा फिरवला तरी चाक उतरत नाही. पावसाळ्याआधी एकदा उतरवून ग्रीस लावून घ्यावे.

चाक बदलण्याची जागा सपाट आणि कडक हवी. ती मिळेपर्यंत गाडी हळू पुढे न्यावी. रिम खराब झाली तरी चालेल, पण वळणावर किंवा उतारावर जॅक लावू नये. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावा, धोक्याचा त्रिकोण निदान पन्नास पावले मागे ठेवा आणि सर्वांना गाडीतून उतरवा. नट आधी जमिनीवरच अर्धा फेरा सैल करायचे. जॅकवर चढवून जोर लावला की गाडी घसरते. जॅक दाराखालच्या पट्टीवरील खाचेतच बसवावा, आणि स्टेपनी गाडीखाली सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकते. नवे चाक चढवल्यावर नट हाताने बसवून मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, शेवटचा ताण गाडी खाली आल्यावर. पाइप लावून किंवा पान्यावर उभे राहून आवळल्याने बोल्टचे आटे जातात. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बघावा.

आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाडीची माहिती देताना मायलेजसोबत स्टेपनी आहे की नाही, तिचे माप काय, ती कुठे बसवली आहे, एवढे छापावे, ही विनंती.

– एक टायर व्यावसायिक, सातारा