संघ पैशाने उभा राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातील अमेरिकन फुटबॉलवरील लेखात ‘ज्याचा मालक श्रीमंत त्याचा संघ वरचढ’ असे विधान आहे. गेली बावीस वर्षे बाल्टिमोर परिसरात राहून हा खेळ पाहत आलेला वाचक या नात्याने मला ते पटले नाही. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये १९९४ पासून प्रत्येक संघाच्या खेळाडूंच्या एकूण पगारावर सारखीच मर्यादा आहे आणि नवोदितांच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, आदल्या मोसमात तळाला राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. अशा व्यवस्थेत मालकाच्या तिजोरीपेक्षा निवड करणाऱ्याची नजर अधिक मोलाची ठरते, आणि आमच्या बाल्टिमोर रेव्हन्स संघासाठी खेळाडू निवडणारे ऑझी न्यूसम यांची कारकीर्द त्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा आहे.

न्यूसम यांचा जन्म १९५६ चा, अलाबामा राज्यातला. त्यांनी १९७४ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या संघात प्रवेश केला तेव्हा त्या संघातून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरल्याला तीनच वर्षे झाली होती. पुढे क्लीव्हलंड ब्राउन्स या संघाकडून टाइट एंड म्हणून (चेंडू झेलणारा आणि प्रतिस्पर्ध्यांना अडवणाराही खेळाडू) ते १३ मोसम खेळले, ६६२ झेल घेतले आणि १९९९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या मानाच्या यादीत, दाखल झाले. एवढ्या मोठ्या खेळाडूने निवृत्तीनंतर समालोचनाचा सोपा मार्ग न धरता त्याच संघात स्काउटचे काम पत्करले, म्हणजे महाविद्यालयीन मुलांचे सामने आणि चित्रफिती तासन्‌तास पाहून टिपणे काढण्याचे, ज्याकडे प्रेक्षकांचे कधीच लक्ष जात नाही असे काम.

१९९५ च्या मोसमानंतर ब्राउन्सचे मालक आर्ट मोडेल यांनी संघ बाल्टिमोरला हलवला आणि तो रेव्हन्स झाला. ज्या क्लीव्हलंडने न्यूसम यांना डोक्यावर घेतले होते ते गाव दुखावले, आणि १९८४ मध्ये एका रात्रीत आपला कोल्ट्स संघ गमावलेल्या या शहराला पुन्हा संघ मिळाला. खेळाडूंच्या निवडीची जबाबदारी न्यूसम यांच्याकडे आली.

एप्रिल १९९६ चा तो पहिला ड्राफ्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो. रेव्हन्सची पाळी चौथी होती. मोडेल यांचा कल रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे, लॉरेन्स फिलिप्स यांच्याकडे होता. न्यूसम यांच्या यादीत मात्र जोनाथन ऑग्डेन हे नाव वर होते, आणि त्यांची लेफ्ट टॅकलची, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या रांगेतील डाव्या टोकाची, जागा सांभाळायला संघात चांगला खेळाडू आधीच होता. तरीही न्यूसम यादीवर ठाम राहिले आणि ऑग्डेन यांनी पहिला मोसम शेजारच्या गार्डच्या जागेवर खेळून काढला. त्याच दिवशी २६ व्या क्रमांकावर बचावफळीतील लाइनबॅकर रे लुइस यांची निवड झाली. एकाच फेरीत निवडलेले हे दोघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. फिलिप्स यांची कारकीर्द मात्र लवकरच विस्कटली. मालकाची इच्छा आणि संघाची तात्कालिक गरज या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून वर्षभराच्या अभ्यासावर विश्वास ठेवायला जे धैर्य लागते, ते पैसे देऊन मिळत नाही.

न्यूसम चुकलेच नाहीत असे माझे म्हणणे नाही. २००३ मध्ये पुढील वर्षाच्या पहिल्या फेरीतील संधी दुसऱ्या संघाला देऊन त्यांनी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारे, काइल बोलर यांना घेतले आणि तो निर्णय साफ फसला. पण त्यांनी पद्धत सोडली नाही. विशीतल्या तरुणांना अगदी तुटपुंज्या पगारावर स्काउट म्हणून घ्यायचे, आपल्या नजरेखाली तयार करायचे आणि बैठकीत त्यांचे मत ऐकून घ्यायचे, ही त्यांची रीत होती. १९९६ मध्ये असेच रुजू झालेले एरिक डीकोस्टा २०१९ मध्ये त्यांच्या जागी जनरल मॅनेजर, म्हणजे संघबांधणीचे प्रमुख, झाले.

संघाने जानेवारी २००१ आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. दुसऱ्या विजयानंतरच्या मिरवणुकीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी, कोल्ट्स गेले त्या रात्रीची आठवण सांगताना, डोळे पुसले होते. पहिला विजय झाला तेव्हा न्यूसम यांच्याकडे जनरल मॅनेजर हे पद नव्हते. ते २००२ मध्ये मिळाले आणि ते एनएफएलमधील पहिले कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर ठरले. ही लीग १९२० सालची आहे, म्हणजे त्या एका नेमणुकीला ८२ वर्षे लागली. आपल्या लेखात याचा उल्लेखही नसावा याचे मला मनापासून वाईट वाटले.

२०१८ चा ड्राफ्ट त्यांचा शेवटचा. चार क्वार्टरबॅक आधीच निवडले गेले होते. उरलेले क्वार्टरबॅक लमार जॅक्सन यांनी जागा बदलून रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, व्हावे, असे अनेक जाणकार उघडपणे म्हणत होते. न्यूसम यांनी पुढील वर्षाच्या दुसऱ्या फेरीतील संधीसह फिलाडेल्फियाच्या संघाला मोबदला देऊन पहिल्या फेरीतील अखेरची, ३२ वी निवड मिळवली आणि जॅक्सन यांना क्वार्टरबॅक म्हणूनच घेतले. २०१९ आणि २०२३ या दोन मोसमांत जॅक्सन लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्या रात्री ही संधी सगळ्याच मालकांपुढे होती आणि त्यांतला एकही गरीब नव्हता.

आपण दर एप्रिलमध्ये ड्राफ्टची बातमी देता. पुढच्या वेळी निवडलेल्या मुलांच्या छायाचित्रांबरोबर त्यांची यादी तयार करणाऱ्यांनाही थोडी जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक
बाल्टिमोर, मेरीलँड