चारित्र्याचा हिशोब फक्त मुलींकडूनच का?

संपादक महोदय,
स. न.

बायकाच स्वैर झाल्या असं म्हणणारा, रविवारच्या पुरवणीतला 'स्वैराचार' हा लेख वाचला. कालच लिहायला बसले होते, पण राग आवरेना, म्हणून आज लिहिते आहे.

लेखकांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला (२०१९-२१) एकच आकडा उचलला. अकरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत बायकांच्या आयुष्यभरातल्या लैंगिक जोडीदारांची सरासरी पुरुषांपेक्षा जास्त भरली, एवढाच. त्याच अहवालात देशाची सरासरी पुरुषांची २.१ आणि बायकांची १.७ आहे. लग्नाचा किंवा सोबत राहणारा जोडीदार सोडून वर्षभरात दुसऱ्या कोणाशी संबंध आला, असं सांगणारे पुरुष ४ टक्के आणि बायका ०.५ टक्का. आठपट फरक आहे! हा आकडा का गाळला? आणि '२०१८ मध्ये कलम ४९७ गेलं आणि बायकांना धाक उरला नाही' हे तर साफ चूक आहे. व्यभिचाराच्या त्या कलमाखाली बाईला शिक्षा कधी नव्हतीच. शिक्षा होती परपुरुषाला, तीही नवऱ्याने तक्रार केली तर. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. आणि नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला तक्रारीचा हक्क नाही. बाई नवऱ्याच्या मालकीची, एवढंच ते कलम सांगत होतं.

मला हे इतकं का लागलं, ते सांगते. १९९४ साली जळगावचं मुलींच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा मी तिथे होस्टेलवर राहून शिकत होते. ज्या मुलींना धाक दाखवून लुबाडलं, त्यांच्याबद्दल हळहळायचं सोडून आमच्या भागात 'जळगावची मुलगी' हीच शिवी झाली. पुढच्या वर्षी मला बघायला धुळ्याकडची मंडळी आली. पोह्यांच्या बश्या हातात होत्या. मुलाच्या मावशीने आईला हळूच विचारलं, "पोर जयगावले व्हती का?" वडील खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, हो, तीन वर्षं. बश्या तशाच खाली ठेवल्या गेल्या. पोह्यांवरचं लिंबूसुद्धा कोणी पिळलं नव्हतं.

त्या मुलाची एक बाई होती, हे मध्यस्थासकट सगळ्यांना माहीत होतं. त्यावर उत्तर काय, तर "बाप्या मानूस शे, चालस."

त्या रात्री वडिलांनी माझी परिचयपत्रं काढली. हाताने लिहिलेल्या बारा प्रती होत्या. प्रत्येकीवर पट्टी धरून निळ्या शाईने 'जळगाव' खोडलं आणि वर 'चोपडा' हे आमच्या गावाचं नाव लिहिलं. चौतीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस. मी दाराआडून बघत होते. मी काहीच केलं नव्हतं, आणि माझ्या जागी केलेली एखादी असती, तरी तिच्या बापाला ती पट्टी का हातात धरावी लागावी?

जाता जाता आणखी एक. होळीच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्या या आदिवासी बाजाराच्या बातमीला तुम्ही 'मुली पळवण्याचा बाजार' असा मथळा दिला होता. सातपुड्यातली माणसं तिथे होळीची खरेदी करतात, ढोल वाजवतात, सोयऱ्याधायऱ्यांना भेटतात. आमच्या चोपड्यातला हा बाजार मी लहानपणापासून बघते आहे. तिथल्या पावरा समाजाच्या मुलींनी तो मथळा वाचला असेल, याचा विचार कोणी केला होता का? त्याची दुरुस्ती अजून आलेली नाही.

पुढच्या रविवारी, त्याच पानावर आणि त्याच टायपात, तो ४ टक्क्यांचा आकडा छापावा ही विनंती.

माझं नाव मात्र छापू नये. मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे.

— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)