हप्ता जमतो हो, पण त्याआधीचे सव्वाअकरा लाख?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नागपुरातल्या घरांवर पानभर मजकूर आला होता. पुण्या-मुंबईच्या मानाने आपलं नागपूर स्वस्त, नवरा-बायको दोघं कमावते असतील तर पहिलं घर आरामात होतं, असा एकूण सूर. मजकुराखाली हप्त्यांचा तक्ता आणि तक्त्याखाली अर्धं पान फ्लॅट स्कीमची जाहिरात. ते पान मी घडी करून पर्समध्ये ठेवलंय. त्याच्या समासात पेनने आमचा हिशेब मांडून पाहिला, आणि अकरा वर्षं हिशेबच लिहीत असल्यामुळे गप्प बसवलं नाही.

मी इतवारीच्या किराणा ओळीत एका होलसेल पेढीत टॅलीवर बसते. दिवसभर नाकात मिरची-धन्याचा ठसका आणि डोळ्यांपुढे दुसऱ्यांचे लाख. मिस्टर हिंगणा एमआयडीसीत फिटर आहेत. माझ्या हातात २४,००० येतात, त्यांच्या ३१,०००. मानेवाड्याला दोन खोल्यांत राहतो, भाडं ९,५००, मुलगी तिसरीत. मागच्या दिवाळीपासून रविवारी घरं पाहत हिंडतोय. चौदा पाहून झाली.

तुमचा तक्ता खोटा नाही, हे आधीच सांगते. ३० लाखांचं कर्ज, आठ टक्के व्याज, वीस वर्षं, तर हप्ता २५,०९३ बसतो. मी ताळा करून पाहिला, बरोबर आहे. बँकेतल्या साहेबांनी आमच्या दोघांच्या पगारपत्रकांवरून, गाडीचा २,९०० चा हप्ता वजा करून, २९ लाखांपर्यंत मिळेल असं सांगितलं. हप्ता २४,२५७. आमचं भाडं सुटेल, सध्या महिन्याला ११,००० बाजूला टाकतो ते त्यात जातील, वर पावणेचार हजारांची ओढाताण. ती करू. तेवढी सवय आहे.

घोडं अडतं ते हप्ता सुरू व्हायच्या आधी. आणि त्याबद्दल तुमच्या पानभर मजकुरात दीड ओळ होती.

हुडकेश्वर रोडवर एक स्कीम पाहिली. काम चालू होतं, तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडलेला. जाहिरातीत ‘१०५० चौरस फूट, फक्त ३४ लाख’. मिस्टरांनी खिशातून कारखान्यातला टेप काढला तसा साइटवरचा मुलगा हसला. बेडरूम पत्रकात ११ बाय १० होती, टेपवर १० बाय साडेनऊ भरली. महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याच फ्लॅटचं चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, ६२.८ चौरस मीटर दिसतं, म्हणजे ६७६ फूट. उरलेले पावणेचारशे फूट जिना, लिफ्ट आणि कुणाला ठाऊक कुठे. ‘सुपर बिल्टअप’ म्हणे. सव्वातीन हजारांचा भाव अशाने पाच हजारांवर जातो. असो, हे आता सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळे फसतात.

मग त्या मुलाने पत्रक उलटं केलं आणि मागच्या बाजूला आकडे लिहायला घेतले. चहाचा ग्लास त्यावरच ठेवला होता, तो उचलला तर ३४ च्या भोवती गोल डाग. पार्किंग दोन लाख, झाले ३६. मीटर, ट्रान्सफॉर्मर, सोसायटीची ठेव, वकील हे सगळं मिळून सव्वा लाख. जीएसटी एक टक्का, ३६ हजार. (४५ लाखांच्या आतलं आणि आपल्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर एकच टक्का लागतो. त्याने आधी पाच लिहिले होते. मी सांगितल्यावर खोडले.) मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून अडीच लाखांच्या आसपास, तेही घर एकट्या माझ्या नावावर घेतलं तर. बाईच्या नावावर एक टक्का सूट आहे, पण नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. हे ऐकून मिस्टर म्हणाले, “ठीक आहे, दारावरच्या पाटीत तरी घेशील ना मला?” घेईन म्हटलं. त्या मुद्रांक शुल्कात मेट्रोचा अधिभारही असतो. हुडकेश्वरला मेट्रो येत नाही, अधिभार येतो.

आता बँक. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. पण त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. ते आपल्या खिशातून. मी घरी येऊन मांडलं: ३६ मधून कर्जाचे २९ गेले, राहिले सात लाख. त्यात शुल्क, जीएसटी, मीटर-बिटर आणि बँकेचे २० हजार मिळवले तर ११ लाख २७ हजार. एवढी रक्कम पहिला हप्ता जायच्या आधी हातात पाहिजे. आमच्याकडे आरडी, पीएफमधून निघतील ते आणि माझ्या बांगड्या सोडून बाकीचं सोनं धरून ५ लाख ४० हजार आहेत. राहिलेले जमवायला महिना ११ हजारांनी साडेचार वर्षं लागतात. तोवर मुलगी सातवी-आठवीत जाईल आणि तो फ्लॅट ३६ ला थांबणार नाही.

शिवाय बांधकाम चालू असलेलं घर म्हणजे ताबा मिळेपर्यंत भाडंही भरा आणि बँकेचं व्याजही भरा.

शेठजींना कळलं तेव्हा ते दोन लाख बिनव्याजी द्यायला तयार झाले. मनापासून म्हणाले, माणूस चांगला आहे. पण मग पुढच्या वर्षी पगारवाढ कोणत्या तोंडाने मागायची? दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली तर सोडायची कशी? मी ‘पाहते’ म्हणून विषय टाळला.

मानेवाड्यातच एक पंधरा वर्षं जुना फ्लॅट निघाला होता, ३१ लाखांना. जुन्याला जीएसटी नाही, पाणी आहे, शाळा जवळ. गृहस्थ म्हणाले, “रजिस्ट्री २३ ची करू, आठ नगदी द्या.” मग बँक कर्ज देणार २३ वर, म्हणजे जास्तीत जास्त २० लाख ७० हजार. बाकीचे दहा लाख तीस हजार आमचे, त्यातले आठ पिशवीतून. पगारदार माणसाच्या पगारातला एकेक रुपया बँकेतून येतो, तो आठ लाख नगदी आणणार कुठून? ते गृहस्थ असे बोलले, जणू आम्हीच काही विचित्र मागतोय.

आणि दिघोरीकडचं घर. त्याने मला खरी भूल पाडली होती. १,००० फुटांचा प्लॉट, दोन खोल्या, मागे न्हाणी, दारात कडुनिंब. किंमत २४ लाख. आई म्हणाली, “घेऊन टाक बाई, स्वतःची जमीन आहे.” पण प्लॉटला आर.एल. (प्लॉट नियमित झाल्याचं सरकारी पत्र) नाही, आखीव पत्रिका (भूमापन खात्याचा जमिनीचा उतारा) नाही, बाँड पेपरवरच्या खरेदीची साखळी तेवढी आहे. बँकेने फाइल उघडलीसुद्धा नाही. एका खासगी फायनान्सवाल्याने होकार दिला: २० लाख, १३ टक्के, १५ वर्षं. हप्ता २५,३०५. म्हणजे कागद असलेल्या घरासाठी ३० लाखांचा जो हप्ता, त्याहून थोडा जास्तच हप्ता बिनकागदाच्या घरासाठी २० लाखांचा. नागपुरात जे घर स्वस्त दिसतं ते कशामुळे स्वस्त आहे, हे त्या दिवशी पक्कं कळलं.

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १९८४ मध्ये त्यांनी एका गृहनिर्माण संस्थेकडून १,५०० फुटांचा प्लॉट घेतला, महिन्याला दीडशे रुपये भरून. पावत्या श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेल्या, दिवाळीला डबा उन्हात ठेवायचा म्हणजे वाळवी लागू नये. कागद म्हणून तेवढंच. नागपूरकरांना ‘५७२’ आणि ‘१९००’ लेआउट, म्हणजे मंजुरीविना पडलेल्या वसाहती, म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, त्यातलीच ही गत. २००१ मध्ये असे विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा आला, अर्ज केला, डिमांड म्हणजे मागितलेलं शुल्क भरलं, २००६ मध्ये आर.एल. हातात पडलं. तोवर मिलला टाळं लागून चार वर्षं झाली होती. बावीस वर्षं बाबा विनाकागदाच्या जमिनीवर झोपले, पण झोपले तरी. तेव्हा मिलचा कामगार पगारातून प्लॉट धरू शकत होता, कारण कुणी एकदम पगाराच्या वीस पट रक्कम मागत नव्हतं. जमेल तसं भरायचं, एक खोली बांधायची, मग दुसरी. आज त्या घरात दोघे भाऊ आहेत, खाली एक, वर एक. कायद्याने माझाही हिस्सा आहे. मागायला जीभ रेटत नाही.

‘पंतप्रधान आवास आहे ना,’ असं प्रत्येक जण सांगतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या योजनेत नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला व्याजात सूट आहे. आमचं ६ लाख ६० हजार आहे, बसतो. पण घर ३५ लाखांपर्यंतचं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचंच हवं. संपादक महोदय, ही वजाबाकी कुणी करून पाहिली का? ३५ मधून २५ गेले की दहा लाख राहतात. वर मुद्रांक शुल्क. म्हणजे ज्याच्या गाठीला बारा-साडेबारा लाख आहेत त्याला पूर्ण मर्यादेचं घर घेऊन सवलत, आणि ज्याच्याकडे नाहीत म्हणून तो २९ लाखांचं कर्ज काढतो, तो बाहेर. सवलत मिळालीच तर एक लाख ऐंशी हजारांपर्यंत, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. माझ्या नणंदेला २०१९ मध्ये जुन्या योजनेत दोन लाख सदुसष्ट हजार एकरकमी कर्जखात्यात पडले होते. ती योजना २०२२ च्या मार्चला संपली. आम्ही तेव्हा मुलीच्या आजारपणातून वर येत होतो.

कर वाचतो हाही मुद्दा तुमच्या पानात होता. आमच्या पगारावर करच लागत नाही, वाचणार काय?

सरकारी घरांचं थोडक्यात सांगते. तरोडी, वांजरीची घरं आमच्यापेक्षा कमी उत्पन्नवाल्यांसाठी, ते योग्यच आहे. म्हाडाच्या नागपूर मंडळाची जाहिरात आली की अर्ज भरते. नाव लागलेलं नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की ‘परवडतं का’ हा प्रश्न तुम्ही हप्त्यापाशी विचारलात, तो त्याच्या आधी विचारायला हवा होता. दोन पगारांचं घर हप्ता ओढू शकतं. ते दारातच अडतं, कारण दाराशी लागणारी रक्कम कर्जात मिळत नाही आणि भाडं भरता भरता साठत नाही. ज्यांच्या वडिलांनी शेत विकलं, ज्यांच्या सासऱ्याने मदत केली, त्यांचं ‘पहिलं घर’ होतं. माझ्या ऑफिसच्या ओळखीत तिशी-पस्तिशीत घर झालेले चार जण आहेत. चौघांनाही विचारलं. एकालाही निव्वळ पगारावर जमलेलं नाही.

पहिल्याच घराचं मुद्रांक शुल्क दोन-तीन वर्षांत भरायची सोय सरकारला का करता येऊ नये? वीज बिलाला हप्ते मिळतात, दुचाकीला मिळतात. व्याजातली सूट पाच वर्षं तुकड्यातुकड्याने देण्यापेक्षा खरेदीच्या दिवशी द्या, रक्कम तेवढीच राहू दे. गुंठेवारीची जी प्रकरणं नियमात बसतात ती निकाली काढली तर दिघोरीसारखी कितीतरी घरं बँकेच्या कर्जाला पात्र होतील, नवी इमारत न बांधता. आणि तुमच्या हातातली एक गोष्ट: मालमत्तेच्या जाहिराती छापताना चटई क्षेत्र आणि सगळं धरून किंमत लिहायला लावा. जाहिरात थोडी कमी येईल. पण ‘फक्त ३४ लाख’ वाचून रविवारची सुट्टी आणि पेट्रोल घालवणाऱ्या माझ्यासारख्यांचे तेवढे तरी वाचतील.

येत्या रविवारी पंधरावं घर आहे, नरसाळ्याला. या वेळी मी आधी फोनच केला. विचारलं, आर.एल. आहे का, नगदी किती, पार्किंग धरून किंमत सांगा. तिकडून तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही आधी घर तर बघायला या!”

मिस्टरांनी टेप पिशवीत टाकून ठेवलाय.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये, ही विनंती)
मानेवाडा, नागपूर