चाचा, त्या बोळ्यासाठी

अंबाजोगाई

चाचा, सलाम.

झोपाळ्याचं काम संपून पंधरा दिवस झाले. मजुरी दिली, पण आभार मानायचे राहिले. समोर आलात की मला बोलवत नाही, म्हणून लिहितेय. नातीकडून वाचून घ्या.

हा झोपाळा आजोबांनी किनवटचा साग आणून करून घेतला होता. मागच्या पावसाळ्यात एकानं त्यावर चकचकीत लॅकर मारलं. लाकडावर कित्येक वर्षांचं तेल नि मळ, बाहेर झड लागलेली. ना घासणं, ना पुसणं. चार दिवसांत पांढुरके डाग उमटले आणि दिवाळीला कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटू लागले. फोन केला तर म्हणे, "लाकूडच जुनं आहे, मी काय करू?" त्याचा राग अजून जात नाही.

तुम्ही मात्र फळीच्या खालच्या अंगाला दोन पट्टे ओढलेत, एक चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक जवसाच्या तेलाचा, आणि म्हणालात, "उद्या बघू." चपड्याचा पट्टा देखणा होता. मला तोच हवा होता. तुम्ही त्यावर गरम चहाचा कप ठेवलात. पांढरं कडं उमटलं. "इथं अम्मा चहा घेऊन बसणार ना? तेल लावू. उडालं तर तुम्हीच फडक्यानं लावाल, मला बोलवायचं कामच नाही." पुढची मजुरी स्वतःहून सोडणारा कारागीर मी पहिल्यांदा पाहिला.

पण लिहायला बसले ती त्या रात्रीमुळं. तेलाचा पहिला हात मारून तुम्ही सातला गेलात. साडेदहाला कडी वाजली. सायकल भिंतीला, सदरा घामानं चिंब. "ताई, बोळा राहिला." मला वाटलं, फडकंच तर आहे, सकाळी नेलं असतं. तुम्ही कोपऱ्यातून तो उचलून माझ्या हातावर ठेवलात. गरम होता, चाचा! नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखा. जवसाचं तेल हवा ओढून वाळतं, वाळताना तापतं. फडकं पसरलेलं असलं तर ऊब निघून जाते, चुरगळलेलं असलं तर आतच कोंडते आणि काडी न ओढता पेटतं. अंगणात बादलीत बोळा बुडवताना तुम्ही हे सांगत होतात आणि मी आईच्या खाटेकडं बघत होते. कोपऱ्यापासून दोन हातांवर. शेजारी गोधड्यांचा ढीग. मे महिना.

घरी जेवताना आठवलं, म्हणालात. ताट सोडून आलात. वर "चूक माझीच" म्हणून माफी मागितलीत, पाणीसुद्धा न घेता गेलात. आम्हाला ते कधी कळलंही नसतं. कुणी बघत नसताना असं वागणारी माणसं आपल्या गावात आहेत, हे आईला सांगताना माझा गळा भरून आला.

आता तेलाची फडकी मी अंगणातल्या तारेवर एकेक पसरते. आई रोज संध्याकाळी झोपाळ्यावर असते. तुम्ही एवढे दिवस राबलात, पण त्यावर एकदाही बसला नाहीत. या रविवारी चाचीला घेऊन या.

तुमची,
झोपाळ्याच्या घरची ताई